३५ डॉलरचा विदूषक: कथेतल्या मुलांना विषमता कशी कळते

मुलांना विषमता समजावून सांगणं अवघड जातं, कारण एकटी विषमता कधी दिसतच नाही. घर दिसतं, चपला दिसतात, जेवणाचं ताट दिसतं. विषमता दिसायची तर दोन ताटं शेजारी शेजारी यावी लागतात, आणि समाजाची बहुतेक व्यवस्था ती तशी येऊ नयेत याचीच असते. गरीब मुलाच्या आजूबाजूला सगळे गरीबच राहतात, श्रीमंत मुलाच्या आजूबाजूला श्रीमंत. सगळं जग आपल्यासारखंच जगतं, असं दोघंही धरून चालतात.

चांगली लघुकथा ही दोन ताटं एका पानावर आणते. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काळ्या लेखक-लेखिकांनी हे काम फार ताकदीनं केलं. त्यांच्या काही कथांमध्ये निवेदक किंवा मध्यवर्ती पात्र एक मूल आहे, आणि गरिबी व वंशभेद या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे त्या मुलाला एका दिवसात, कधी एका क्षणात उमगतं. अशा कथा नेमकं काय करतात आणि कसं करतात, हे इथे समजून घेऊ. मी एका कथेवर बराच वेळ थांबणार आहे, कारण या विषयाचं जवळपास सगळं गणित तिच्यात आहे. बाकीच्या कथा तिच्या अनुषंगानं येतील.

ती कथा म्हणजे टोनी केड बंबारा यांची 'द लेसन'. 'गोरिला, माय लव्ह' या त्यांच्या १९७२ च्या संग्रहात ती आहे. बंबारांचा जन्म १९३९ चा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांचं बालपण गेलं, १९९५ मध्ये त्या वारल्या. कथेची निवेदक सिल्व्हिया ही अशाच एका काळ्या वस्तीतली मुलगी आहे. तिखट जिभेची, हुशार, आणि कोणी शहाणपण शिकवायला आलं की चिडणारी.

शिकवायला येतात मिस मूर. वस्तीत राहायला आलेल्या, कॉलेज शिकलेल्या बाई. आपण शिकलो तर वस्तीतल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी आपली, असं त्यांना मनापासून वाटतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलांना गोळा करून कुठे कुठे नेतात. त्या दिवशीही आधी त्या पैशांबद्दल बोलतात: वस्तूंना किती पडतं, आईवडील किती कमावतात, त्यातलं भाड्यात किती जातं, आणि या देशात पैसा कसा नीट वाटला गेलेला नाही. मग त्या म्हणतात की आपण सगळे गरीब आहोत आणि झोपडपट्टीत राहतो. सिल्व्हियाला हे मुळीच मान्य नाही.

इथे जरा थांबायला हवं. विषमतेवरच्या कितीतरी गोष्टींमध्ये गरीब मूल पहिल्या ओळीपासून आपल्या गरिबीनं दबलेलं असतं. खऱ्या आयुष्यात असं क्वचित घडतं. मुलाला आपली वस्ती म्हणजे वस्ती, आपलं घर म्हणजे घर. 'तू गरीब आहेस' हे त्याला बाहेरून कोणीतरी सांगतं, आणि ते ऐकताना राग येणं स्वाभाविक आहे. बंबारा हा राग जपून ठेवतात. पुढे घडतं ते सगळं त्या रागाच्या विरोधात आणि त्या रागाच्या मदतीनंच घडतं.

मिस मूर दोन टॅक्सी थांबवतात. सिल्व्हियाच्या हातात ५ डॉलरची नोट देऊन सांगतात की भाड्याच्या १० टक्के टीप किती होते ते काढ आणि टॅक्सीवाल्याला दे. भाडं होतं ८५ सेंट. सिल्व्हिया ठरवते की टीपची गरज त्याच्यापेक्षा तिलाच जास्त आहे, आणि उरलेले चारएक डॉलर खिशात टाकते. वाचताना हा मुलीचा वात्रटपणा वाटतो. पण त्या ८५ सेंटमध्ये कथेचा नकाशा आहे. मुलांच्या वस्तीपासून मॅनहॅटनच्या फिफ्थ अॅव्हेन्यू या श्रीमंत रस्त्यावरच्या जगापर्यंतचं अंतर टॅक्सीच्या मीटरवर एक डॉलरसुद्धा भरत नाही. तिथे उतरल्यावर त्यांना भर उन्हाळ्यात फरचा कोट घालून चाललेली एक बाई दिसते, आणि गोरी माणसं वेडी असतात असा निष्कर्ष सिल्व्हिया तिथल्या तिथे काढून मोकळी होते.

मुलं पोहोचतात ती एफएओ श्वार्ट्झ या खेळण्यांच्या दुकानासमोर. हे दुकान कल्पित नाही. न्यूयॉर्कमधलं ते नामांकित दुकान, त्याच्या व्यवसायाची सुरुवात १८६२ मधली. मुलं आधी बाहेरूनच काचेतून बघतात. एक सूक्ष्मदर्शक, किंमत ३०० डॉलर. एक पेपरवेट, ४८० डॉलर. पेपरवेट म्हणजे काय हेच बऱ्याच मुलांना माहीत नाही. मिस मूर सांगतात की टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ते ठेवतात. मग मुलांच्या लक्षात येतं की त्यासाठी घरात टेबल लागतं. मर्सिडीज नावाच्या मुलीकडे ते आहे, शिवाय पत्र लिहायचे छान कागदही आहेत. म्हणजे या आठ मुलांच्या घोळक्यातही पायऱ्या आहेतच. बंबारा ते एका ओळीत दाखवून पुढे जातात.

मग दिसते खेळण्यातली शिडाची होडी. फायबरग्लासची, हातानं बनवलेली. किंमत १,१९५ डॉलर.

सिल्व्हियाचा विश्वास बसत नाही. तिनं स्वतः होडी बनवलेली आहे. वस्तीतल्या दुकानात होडीचा संच २५ सेंटला मिळतो, गोंदाची नळी १० सेंटला, दोऱ्याचा गुंडा ८ सेंटला. म्हणजे अर्ध्या डॉलरच्या आत काम होतं. तिला राग येतो, आणि कशाचा येतो ते तिचं तिलाच कळत नाही. खरीखुरी होडी केवढ्याला मिळते, असं ती विचारते. मिस मूर उत्तर देत नाहीत. तूच शोधून काढ आणि सगळ्यांना सांग, म्हणतात.

कथेतले हे आकडे त्या काळच्या पैशांत मोजले तर काय दिसतं? १९७२ मध्ये अमेरिकेत कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन तासाला १.६० डॉलर होतं. त्या दरानं होडीसाठी सुमारे ७४७ तास राबावं लागलं असतं. आठवड्याला ४० तास धरले तर साडेअठरा आठवड्यांहून अधिक, आणि तेही भाडं न भरता, काही न खाता. त्याच वर्षी चार माणसांच्या कुटुंबाची सरकारी दारिद्र्यरेषा वर्षाला ४,२७५ डॉलर होती. एक खेळणं त्याच्या पाव हिश्शाहून जास्त किमतीचं. हे किमान वेतनही सगळ्यांना मिळत नव्हतं, हे इथे सांगायला हवं. १९३८ च्या मूळ कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतल्या काळ्या लोकांपैकी फार मोठा भाग याच दोन कामांत होता. घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाचा हक्क १९७४ मध्ये मिळाला, म्हणजे ही कथा पुस्तकात आल्यानंतर दोन वर्षांनी.

गरिबी आणि वंश यांची गाठ कशी बसते, ते इथे दिसतं. त्या कायद्यात 'काळ्यांना वगळा' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दोन कामं वगळली होती, एवढंच. पण ती कामं कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकानात शिरण्याचा प्रसंग हा माझ्या मते कथेचा कणा आहे. दार उघडं आहे, कोणी अडवत नाही, पहारेकरी हटकत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी वंशावरून मज्जाव करायला देशभर बंदी घातलेली होती, आणि न्यूयॉर्कमध्ये तर दक्षिणेसारख्या 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्याही नव्हत्या. तरी सिल्व्हियाचे पाय उचलत नाहीत. तिला कसंसंच होतं, लाज वाटते. लाज कसली, असं ती स्वतःलाच विचारते. इतरांइतकाच हक्क आपल्यालाही आहे, असं बजावते. आणि तरी शुगरनं, म्हणजे तिच्या जिवलग मैत्रिणीनं, आधी पाऊल टाकावं म्हणून मागे सरते. शुगरही घुटमळते. शेवटी मर्सिडीज पुढे होते आणि मग सगळी आत लोटतात. आत गेल्यावर एरवी धिंगाणा घालणारी ही मुलं चवड्यांवर चालतात, कशाला धड हातही लावत नाहीत. एकदा कॅथलिक चर्चमध्ये चेष्टा करायला म्हणून घुसलो होतो तेव्हा असंच झालं होतं, हे सिल्व्हियाला आठवतं.

कायदा दार उघडतो. पण ज्या माणसांना पिढ्यान्पिढ्या दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या अंगात ते दार राहतं. मोठी माणसं याला वेगवेगळी भारदस्त नावं देतात. बंबारांना त्यातलं एकही नाव लागत नाही. एका मुलीचा पाय उचलत नाही, एवढंच त्या लिहितात, आणि बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला ते पुरतं. कारण आपण इथले नाही असं वाटून पाय जड होण्याचा अनुभव प्रत्येक मुलानं कधी ना कधी घेतलेला असतो. फरक एवढाच की काही मुलांना तो क्वचित येतो आणि काहींना रोज.

अशी लाज मुलांत किती लवकर रुजते, यावर अमेरिकेत फार जुना अभ्यास झालेला आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. यातली चांगली कोणती, खेळायला कोणती आवडेल, वाईट कोणती दिसते, असे प्रश्न विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात शाळांमधली वंशावर आधारित विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालपत्राच्या तळटिपेत आधार म्हणून दिलेल्या अभ्यासांत क्लार्क यांचं कामही होतं. 'मुलं अजून लहान आहेत, त्यांना कशाला हे सांगायचं' असं कोणी म्हणालं की मला त्या बाहुल्या आठवतात. मुलांना ते आधीच कळलेलं असतं. राहिलेलं असतं ते त्याचं कारण.

परतीच्या वाटेवर, भुयारी रेल्वेत, सिल्व्हियाच्या डोक्यात दुकानातलं एक खेळणं घोळत राहतं. दांडीवर कोलांट्या मारणारा विदूषक, ३५ डॉलरचा. वाढदिवसाला आईकडे हा मागितला तर ती काय म्हणेल, याची ती कल्पना करते. मग हिशेब सुरू होतो. ३५ डॉलरमध्ये घरातल्या मुलांसाठी एकावर एक असे पलंग येतील. ३५ डॉलरमध्ये अख्खं कुटुंब गावाकडच्या आजोबांना भेटून येईल. ३५ डॉलरमध्ये भाडं भागेल, आणि पियानोच्या बिलाचे पैसेही. खेळण्यांवर एवढा पैसा खर्च करणारी माणसं कोण असतात, ती काय काम करतात, आणि आपण त्यांच्यात का नाही, हे प्रश्न ती स्वतःला विचारते. तेही चिडूनच. पण सकाळी याच विषयावर मिस मूर बोलत होत्या तेव्हा ती ऐकतसुद्धा नव्हती.

त्या हिशेबातली एकेक गोष्ट अमेरिकेच्या इतिहासाला जोडलेली आहे. 'गावाकडचे आजोबा' आले कुठून? सिल्व्हियाचं आणि शुगरचं कुटुंब एकाच वेळी उत्तरेत आलं, आधी एकाच घरात दाटीवाटीनं राहिलं आणि मग हळूहळू पांगलं, असं कथेत ओझरतं येतं. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळे लोक दक्षिणेकडची राज्यं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. इतिहासात त्याला महास्थलांतर म्हणतात. दक्षिणेतली शेतमजुरी, खंडाचं कर्ज आणि झुंडीच्या हत्या यांपासून ते निघाले होते. शहरात कारखान्यांतली कामं मिळाली, पण घर घ्यायला गेल्यावर दुसरी भिंत उभी होती.

ती भिंत नकाशावर काढलेली होती. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहकर्जविषयक सरकारी संस्थेनं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे तयार केले. वस्त्यांना अ, ब, क, ड अशा श्रेणी दिल्या, आणि 'ड' म्हणजे धोक्याची वस्ती लाल रंगानं रंगवली. काळे लोक राहत असलेल्या वस्त्या जवळपास सरसकट लाल झाल्या. हार्लेमही बहुतांश लाल. १९३४ पासून घरकर्जाला सरकारी हमी मिळू लागली, तेव्हा तिचे निकषही याच धर्तीचे होते: मिश्र किंवा काळी वस्ती म्हणजे जोखीम, म्हणून हमी नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही. घरांच्या व्यवहारात वंशभेद करायला १९६८ च्या कायद्यानं बंदी घातली. 'द लेसन' पुस्तकात आली ती त्यानंतर जेमतेम चार वर्षांनी.

म्हणून सिल्व्हियाच्या हिशेबात भाडं आहे आणि कर्जाचा हप्ता नाही. हप्ता भरणाऱ्याचं घर वीस-तीस वर्षांनी त्याचं होतं, मुलांना वारसा म्हणून मिळतं, त्याच्यावर मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढता येतं. भाडं भरणाऱ्याकडे त्याच वीस-तीस वर्षांनी पावत्या उरतात. उत्पन्न आणि संपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्र मुलांना सांगायचं तर इथून सांगावं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न (अर्धी कुटुंबं ज्याच्या खाली आणि अर्धी वर असतात ते) गोऱ्या कुटुंबाच्या साधारण ६० टक्के होतं. संपत्तीतली दरी याहून कितीतरी खोल होती आणि आजही आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर. सहा पटींहून जास्त फरक. वेतन एका कायद्यानं वाढवता येतं. तीन पिढ्यांत न घेता आलेलं घर कुठल्या कायद्यानं मागे जाऊन घेता येणार?

आता शुगरच्या वाक्याकडे येऊ. वस्तीत परतल्यावर मिस मूर विचारतात की आज काय शिकलात. शुगर म्हणते की आम्ही सगळे मिळून वर्षभरात जेवढं खातो तेही त्या होडीच्या किमतीएवढं होत नसेल. मग पुढे म्हणते की ही काही फारशी लोकशाही नव्हे. सुखाच्या मागे जाण्याची समान संधी म्हणजे पैसा मिळवण्याचीही समान संधी असायला हवी. मिस मूर हरखून जातात. सिल्व्हियाला मात्र मैत्रिणीनं दगा दिल्यासारखं वाटतं.

या वाक्याचं गणित मी करून पाहिलं. दारिद्र्यरेषेचं मूळ सूत्र मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात मांडलं, आणि ते अन्नावर बेतलेलं होतं: कमीत कमी खर्चात कुटुंबाला पुरेल एवढ्या अन्नाची किंमत काढायची आणि तिला तीननं गुणायचं. म्हणजे १९७२ च्या ४,२७५ डॉलरच्या रेषेत अन्नाचा वाटा साधारण १,४२५ डॉलर, चार माणसांचा. माणशी सुमारे ३५६. आठ मुलांचं वर्षाचं खाणं २,८०० डॉलरच्या पुढे जातं. शुगरचा अंदाज चुकला. होडीच्या पैशांत तीन मुलांचं वर्षाचं खाणं निघालं असतं, किंवा चौघांच्या कुटुंबाचं दहा महिन्यांचं.

पण तिनं कशाची तुलना कशाशी केली ते बघा. खेळण्याची तुलना जेवणाशी. सरकारी तज्ज्ञानं गरिबी मोजायला जे माप निवडलं, तेच या मुलीनं कोणी न शिकवता हातात घेतलं. मिस मूर तिची बेरीज तपासायला जात नाहीत. मला ही शिक्षिका म्हणून त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

बंबारांनी ही कथा ज्या भाषेत लिहिली, तिच्याबद्दल थोडं. सिल्व्हिया वस्तीच्या बोलीत बोलते. शिव्या देते, शाळेत चुकीचं ठरेल असं व्याकरण वापरते. मिस मूर प्रमाण इंग्रजी बोलतात, आणि वस्तीला त्या परक्या वाटतात त्याचं एक कारण तेच आहे. सगळी कथा सिल्व्हियाच्या बोलीत असल्यामुळे होडीची किंमत, फरचा कोट, दुकानाचं दार यांवर निवाडा करण्याचा अधिकार तिच्याकडे राहतो. तिच्याकडे कोणी दयेनं बघत नाही, बघते ती. मराठी वाचकाला हे वेगळं समजावण्याची गरज नाही. ज्या १९७२ साली हे पुस्तक आलं त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन, आणि वस्तीची बोली साहित्यात हक्कानं आणणाऱ्यांत तिचे लेखक पुढे होते.

दोन ताटं शेजारी आणण्यासाठी प्रत्येक कथेला फिफ्थ अॅव्हेन्यूची काच लागत नाही. युजीनिया कॉलियर यांच्या 'मॅरिगोल्ड्स' या १९६९ मधल्या कथेत श्रीमंत माणूस जवळजवळ येतच नाही. १९३० च्या दशकातल्या महामंदीचा काळ, मेरीलँड राज्यातली एक धुळीनं भरलेली काळी वस्ती. चौदा वर्षांच्या लिझाबेथला आपण किती गरीब आहोत याची अंधूकच जाणीव आहे, कारण तुलना करायला रेडिओ नाही, वर्तमानपत्रंही क्वचितच. एका रात्री तिला बापाचं रडणं ऐकू येतं. काम मिळत नाही, बायकोच्या कमाईवर घर चालतं, म्हणून तो हुंदके देतो आणि आई त्याला समजावते. घरातला सगळ्यात भक्कम माणूस असा कोसळलेला ऐकून लिझाबेथच्या जगाची घडीच विस्कटते. पहाटेच्या अंधारात ती शेजारच्या म्हाताऱ्या मिस लॉटीनं जिवापाड जपलेली झेंडूची झाडं उपटून, तुडवून टाकते. बापाला कामापासून तोडणारी व्यवस्था तिच्या हाताला लागणार नसते. हाताला लागतात ती फुलं. गरीब वस्तीतला राग बऱ्याचदा शेजाऱ्यावरच का निघतो, याचं याहून स्वच्छ उत्तर मी वाचलेलं नाही.

लँग्स्टन ह्यूज यांची १९५८ मधली 'थँक यू, मॅम' लहान मुलांसाठी जास्त सोपी. रॉजर नावाचा मुलगा रात्री अकराच्या सुमारास एका धिप्पाड बाईंची पर्स हिसकावायला जातो आणि त्यांच्याच तावडीत सापडतो. त्या त्याला पोलिसांकडे न नेता घरी नेतात, तोंड धुवायला लावतात, जेवायला वाढतात, १० सेंटच्या केकमधला अर्धा देतात. त्याला निळे स्वेडचे बूट हवे होते. आपणही तरुणपणी न मिळणाऱ्या गोष्टींसाठी काय काय केलं ते सांगणार नाही, असं म्हणून त्या त्याला १० डॉलर देतात. वंश हा शब्दही कथेत येत नाही. ही दानाची कथा म्हणून शिकवली जाते आणि मला ते चुकीचं वाटतं. देणारी बाई हॉटेलातल्या ब्यूटी पार्लरमध्ये रात्री उशिरापर्यंत राबणारी, एका खोलीत राहणारी आहे. इथे ज्याच्याकडे थोडं आहे तो ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ओळखतो आणि आपल्यातलं वाटून देतो. श्रीमंत मुलानं गरीब मुलाला जुनं खेळणं दिलं आणि दोघं हसली, अशा गोष्टी मुलांच्या पुस्तकांत ढिगानं सापडतात. त्यांतून मूल उदारपणा शिकेल, पण एकाकडे द्यायला इतकं आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, हे का, हा प्रश्न त्या गोष्टी मुलाच्या मनात येऊच देत नाहीत.

अॅलिस वॉकर यांची 'द फ्लॉवर्स' (१९७३) जेमतेम दोन पानांची आहे. दहा वर्षांची मायॉप फुलं गोळा करत रानात दूर जाते आणि तिचा पाय एका मृत माणसाच्या सांगाड्यावर पडतो; जवळ झाडाला दोराचे अवशेष आहेत. झुंडीनं फासावर दिलेला माणूस. लहान मुलाला ही कथा एकट्यानं वाचायला देऊ नये, सोबत बसावं.

या कथा लिहिल्या जात होत्या तेव्हा अमेरिकेतल्या मुलांच्या हातात पुस्तकं कसली होती, हेही सांगायला हवं. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं त्यांनी पाहणीत घेतली होती. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्के, मजकुरात किंवा चित्रात एखादं तरी काळं माणूस होतं. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी म्हटलं की पुस्तक मुलाला आरसा हवं, म्हणजे त्यात आपल्यासारखं कोणी दिसावं, आणि खिडकीही, म्हणजे दुसऱ्यांचं जग दिसावं. काळ्या मुलांना आरसा नव्हता हे तर झालंच. गोऱ्या मुलांकडेही फक्त आरसेच होते, आणि त्यांचंही त्यात नुकसान होतं, हा त्यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग कमी लोकांच्या लक्षात राहतो.

मुलांबरोबर 'द लेसन' वाचायची असेल तर बारा-तेरा वर्षांनंतर वाचावी; भाषा मोकळी आहे, शिव्या आहेत, त्या गाळू नयेत. तात्पर्य विचारू नये. बंबारांनी ते दिलेलं नाही. शेवटी शुगर उरलेल्या पैशांचा केक खायला पळते, सिल्व्हिया तिला पुढे जाऊ देते आणि एकटी बसून या दिवसाचा विचार करायचं ठरवते. आपल्याला कोणी हरवणार नाही, असं ती मनाशी म्हणते. ती पुढे काय करणार हे वाचकाला कळत नाही. त्याऐवजी मुलांना आकडे काढू द्यावेत: ७४७ तास, दहा महिन्यांचं जेवण. दुकानाच्या दारात पाय का अडला हे विचारावं, आणि पहिलं उत्तर आल्यावर थोडं गप्प राहावं.

आणि ते ४ डॉलर. सिल्व्हियानं टॅक्सीवाल्याची टीप मारली, मिस मूर यांचे उरलेले पैसेही परत दिले नाहीत. मिस मूर शेवटपर्यंत त्याचा विषय काढत नाहीत, त्यांना ते कळलंय का हेही कथा सांगत नाही. हे बरोबर की चूक यावर मुलांना भांडू द्यावं. चोरी ती चोरी, असं कोणी म्हणेल. तिची गरज मोठी होती, असं कोणी म्हणेल. मग टॅक्सीवाल्याला दिवसाला सुटतं तरी किती, हे विचारावं, कारण ती आठ-दहा सेंटची टीप त्याच्याही भाड्यात आणि पलंगात जाणार होती. आणि १,१९५ डॉलरची होडी काचेत मांडणाऱ्यांचा एक सेंटही त्या दिवशी कमी झाला नव्हता, हेही फळ्यावर लिहावं.